फाटकावरचा फळा: सोसायटीतली वाटून घेतलेली भाजीबाग वर्षभर कशी चालवायची

आमच्या बागेच्या फाटकाला दोन फूट बाय तीन फुटांचा काळा फळा टांगलेला आहे. पावसाचा मारा लागू नये म्हणून वर पत्र्याचा छोटा छज्जा, आणि खडू ठेवायला नारळाची करवंटी. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत मागच्या अंगणात २४ वाफे आहेत, एका घराला एक. गेली सहा वर्षं या बागेची चिटणीस म्हणून मी काम करते आहे. अशी बाग सुरू करायची असेल तर काय करावं, असं आता आजूबाजूच्या सोसायट्यांतून विचारणा होते. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

फळ्यापासून सुरुवात केली त्याला कारण आहे. पहिल्या वर्षी डिसेंबरात मेथी आणि लाल माठ इतका दाट आला होता की वाफ्यातली माती दिसत नव्हती. एका सकाळी डासांच्या औषधवाल्याने कंपाउंडच्या भिंतीलगत फवारणी केली. फवारणी होणार हे ऑफिसात माहीत होतं, बागेत कोणालाच नव्हतं. अकरा वाजेपर्यंत चार घरांनी भाजी काढून नेली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर मेथी निवडून, धुऊन, ओट्यावर फडक्यावर पसरली होती. मी दार वाजवून सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. फडक्याची चारही टोकं उचलली, गाठ मारली आणि ते बोचकं माझ्या हातात दिलं. त्याच संध्याकाळी आम्ही फळा आणला.

बियाणं, खत, कीड यांची माहिती कुठेही मिळते. वाटून घेतलेली बाग मात्र खबरेवर चालते. कोणाला काय कळलं आणि ते वेळेत कळलं का, यावर ती टिकते किंवा मोडते. म्हणून खाली मातीइतकंच माणसांबद्दलही आहे.

जागा: डिसेंबरचं ऊन बघा

बहुतेक जण मे महिन्यात जागा हेरतात आणि तिथेच फसतात. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे इमारतींच्या मधल्या बोळातही ऊन पोचतं. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की १२ मीटर उंच इमारतीची दुपारची सावली उत्तरेला जवळपास ११ मीटर पडते. भाजीचा खरा हंगाम तर थंडीचा. म्हणून इमारतीच्या उत्तरेची जागा मेमध्ये कितीही झगझगीत दिसली तरी पाच-सहा तास ऊन लागणारे टोमॅटो आणि वांगी तिथे धरायची नाहीत. तीन-चार तासांच्या उन्हात पालक, माठ, अळू, पुदिना होतात. आमचे उत्तरेकडचे सहा वाफे पालेभाज्यांचेच आहेत आणि ते आम्ही वाटपाआधीच सांगून टाकतो.

आणखी काही गोष्टी आधीच पाहून घ्या. अग्निशमन दलाची गाडी फिरायला सोडलेली जागा कधीही अडवायची नाही. गटाराची चेंबर आणि विजेची केबल कुठून गेली आहे ते जुन्या नकाशावर पाहा. इमारतीच्या भिंतीपासून तीन फूट तरी अंतर ठेवा, नाहीतर तळमजल्याच्या घरात ओल येते आणि बाग पहिल्याच पावसाळ्यात भांडणात सापडते. झाडाची फांदी सावली करते म्हणून परस्पर छाटू नका. १९७५च्या झाडांच्या संरक्षण कायद्यानुसार त्याला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

गच्चीबद्दल मला ठासून सांगायचं आहे. नऊ इंच खोलीची भिजलेली माती चौरस मीटरला सुमारे ३९० किलो भरते. वावर असलेल्या सपाट गच्चीवर भारतीय मानकांत धरलेला भार चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास असतो. म्हणजे गच्चीवर विटा लावून सरसकट वाफे घालणं हा जिवाशी खेळ आहे. इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारकच आहे. तो अहवाल घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा आणि त्यांनी दाखवलेल्या जागीच, तुळया आणि खांबांच्या वर, हलक्या मिश्रणाच्या पिशव्या ठेवा. मातीवाचून गच्ची फुलते याचा मुंबईतला उत्तम दाखला म्हणजे मुंबई पोर्ट ट्रस्टचं (आताच्या मुंबई पोर्ट ऑथॉरिटीचं) मध्यवर्ती उपाहारगृह. तिथे प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करून गच्चीवर भाज्या आणि फळझाडं उभी केली.

ठराव कधी, पेरणी कधी

पावसाच्या तोंडावर बाग सुरू करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईचा पावसाळा नवशिक्यांना फार जड जातो. पहिली पेरणी दसऱ्याच्या सुमारास करा. हवा निवळते, मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, आणि पहिल्या महिन्यातच हातात भाजी पडल्यावर माणसं टिकतात.

सहकारी सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेत विषय घ्या. ठरावात चारच गोष्टी लिहा: जागा नेमकी कुठली, पाणी कुठून आणि त्याचा खर्च कोणाचा, वाफा वर्षापुरता आहे आणि त्यावर कोणाचाही कायमचा हक्क नाही, आणि सोसायटीला जागा लागली तर किती मुदतीत मोकळी करायची. तिसरी गोष्ट नीट समजावून सांगा. ‘उद्या हे जागा बळकावतील’ ही भीती लोकांच्या मनात असते. ती बोलून दाखवली गेली नाही तरी विरोध तिच्यामुळेच होतो.

वाफा आणि माती

इंग्लंडात अशा वाटून दिलेल्या बागांना १९०८च्या कायद्याचा आधार आहे आणि तिथला जुना पूर्ण वाटा १० रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटरचा. आपल्याकडे तेवढ्यात अख्ख्या सोसायटीची बाग बसवून वर मुलांना खेळायला जागा उरते. आमचा वाफा तीन फूट बाय सहा फुटांचा आहे. तीन फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, कोणाला वाफ्यात पाय घालावा लागत नाही. मधली वाट दीड फूट. दोन वाफे मात्र अडीच फूट उंच बांधून घेतले आहेत, कारण गुडघेदुखीमुळे ज्यांना वाकता येत नाही अशी माणसंच सर्वांत नियमित येतात.

खणायला घेतलंत की फूटभर खाली डेब्रिज लागणार, हे धरूनच चाला. विटांचे तुकडे, सिमेंट, टाइल्स, कधी आख्खी लादी. आम्ही दोन रविवार फक्त तेच उपसत होतो. खाली फारच पक्कं लागलं तर खणत बसू नका, चिरे किंवा विटा लावून गादीवाफा वर उचला. जमिनीपासून आठ-नऊ इंच उंची पावसाळ्यासाठी लागतेच. तीन बाय सहाच्या वाफ्याला नऊ इंच भरायला साडेतेरा घनफूट मिश्रण लागतं. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कुजलेला पालापाचोळा किंवा नारळाचा भुसा, आणि वाफ्यामागे अर्धा किलो निंबोळी पेंड. मिश्रण भिजवून पंधरा दिवस तसंच बसू द्या. पहिल्या आठवड्यात ते दोन इंच खाली जातं. त्याआधीच पेरलंत तर बी कुठल्या कुठे जातं.

खतासाठी मी अमृतजल हे घरी करायचं द्रवखत सुचवते. प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांना जोडणाऱ्या ‘प्रयोग परिवारा’चे श्रीपाद अ. दाभोळकर आणि त्यांच्या वाटेवरून पुढे गेलेले दीपक सचदे यांच्यामुळे ते शहरातल्या गच्च्यांवर पोचलं. १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ घालून तीन दिवस झाकून ठेवायचं, दिवसातून दोन-तीनदा काठीने ढवळायचं आणि चौथ्या दिवशी दहा पट पाणी मिसळून वाफ्यांना द्यायचं. मुंबईत शेण मिळतं का, असं लोक विचारतात. जवळच्या गोठ्यात आठवड्याला एक बादली सहज मिळते, फक्त आपली बादली आपण घेऊन जावं.

वाटप आणि वार

वाफ्यांचं वाटप चिठ्ठ्या टाकून करा. ओळखीने वाटप केलंत तर पुढचं वर्षभर त्याचं स्पष्टीकरण देत बसावं लागेल. चिठ्ठी लहान मुलाने उचलायची, सगळ्यांसमोर.

आमच्याकडे वाफ्यामागे महिना ५० रुपये वर्गणी आहे. त्यातून पाइप, बियाणं आणि माती होते. सलग तीन आठवडे वाफ्याकडे कोणी फिरकलं नाही तर आधी घरी जाऊन विचारायचं, कारण बहुतेकदा घरात आजारपण असतं. खरोखरच जमणार नसेल तर वाफा यादीतल्या पुढच्या घराकडे जातो. ‘काढून घेणे’ हा शब्द आम्ही वापरत नाही. ‘सांभाळायला देणे’ म्हणतो, आणि ते घर परत आलं तर पुढच्या चिठ्ठीत त्याचं नाव पुन्हा येतं.

२४ पैकी एक वाफा सफाईचं काम करणाऱ्या मावशींचा आणि एक वॉचमन मामांचा आहे. हे ठरावातच लिहून घ्या. मामा मूळचे शेतकरी घरातले. पहिल्या पावसात माझ्या वाफ्यातल्या चवळीची पानं पिवळी पडली तेव्हा मी खत घालायला निघाले होते. त्यांनी माझ्याकडून खुरपं घेतलं, कडेची माती बोटभर उकरली आणि म्हणाले, “ताई, उपाशी नाही ती, बुडतेय.” खाली पाणी साचलेलं होतं. वाफ्याच्या कोपऱ्यात चर काढला आणि आठ दिवसांत नवी पानं हिरवी आली.

फळा कसा लिहायचा

दर शनिवारी संध्याकाळी जुनं पुसून नवं लिहायचं. मोबाइलवर निरोप टाकतोच, पण तो शंभर निरोपांखाली जातो. फळा मात्र दूध आणायला जाणाऱ्याच्याही डोळ्यांसमोर येतो. पाच ओळींपेक्षा जास्त लिहू नका. पहिली ओळ या आठवड्यात काय पेरायचं याची. दुसरी सामाईक कामाची: दिवस, वेळ, काय आणायचं. तिसरी धोक्याची, म्हणजे फवारणी, पाणीकपात, कीड. चौथी ‘कोणाकडे काय जास्त झालं आहे’ याची, कारण दोडका एका वेळी एक कधीच लागत नाही, सहा लागतात. पाचवी गावी कोण गेलं आहे आणि त्यांचा वाफा कोणाकडे आहे याची.

फवारणीची ओळ लाल खडूने लिहायची, आणि ऑफिसने ती आदल्या दिवशी कळवलीच पाहिजे, हे आम्ही सोसायटीच्या ठरावात घातलं आहे. बागेलगत दोन मीटरपर्यंत फवारणी नाही. त्या बदल्यात डासांची जबाबदारी बागेने घेतली आहे. डासाचं अंड्यापासून डास होण्याचं चक्र साधारण सात ते दहा दिवसांचं असतं, म्हणून दर शनिवारी कुंड्यांच्या बशा, बादल्या आणि ड्रमची झाकणं उलटी करायची. मुलं हे काम आनंदाने करतात.

मृग ते श्रावण: पाणी काढून द्या

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो. मेच्या शेवटी, रोहिणी लागली की वाफ्यांभोवतीचे चर मोकळे करायचे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस क्वचित येतो, पण दोनशे मिलिमीटरचा दिवस कुठल्याही जुलैत येऊ शकतो आणि तेवढ्यात सपाट वाफा तळं होतो.

पावसाळा वेलींचा. काकडी, दोडका, कारलं, पडवळ, दुधी. मांडव बांबूचा करा, पण सुतळीने बांधू नका. ऑगस्टपर्यंत ती कुजते आणि मांडव फळांसकट खाली येतो. नायलॉनची दोरी किंवा जाळी घ्या. भेंडी आणि चवळी मृगात टोकायच्या, भेंडी ४५ ते ५० दिवसांत हाती येते. पालक, मेथी, कोथिंबीर जुलैत लावू नका, पावसाच्या थेंबांनी आडवी पडून सडते.

वेलींना फुलं भरपूर पण फळ धरत नाही, ही दर पावसाळ्यातली तक्रार. संततधारेत मधमाश्या येत नाहीत, तेव्हा परागीभवन आपल्याच हाताने करावं लागतं. मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढं इवलं फळ असतं, नर फुलाला नुसता देठ. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि त्यातला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलके टेकवायचा. वेळ महत्त्वाची. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, तर दोडका, दुधी आणि पडवळाची संध्याकाळी. आमच्या फळ्यावर जुलैत ही ओळ कायम असते: “दोडका साडेसहानंतर.” कामावरून परतलेली माणसं डब्याची पिशवी खांद्यावरच ठेवून फुलं टेकवत उभी असतात.

पावसाळ्यातला मोठा शत्रू आफ्रिकन गोगलगाय. एका रात्रीत रोपांची ओळ साफ करते. ती दिवसा लपते, म्हणून रात्री आठनंतर टॉर्च घेऊन निघायचं. संध्याकाळी ओली गोणपाटं आणि त्यांखाली पपईची किंवा कोबीची पानं ठेवली तर गोगलगायी तिथेच जमतात. हातमोजे घालूनच उचला, कारण त्यांच्या अंगावर माणसाला अपाय करणारे जंतू असू शकतात, आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. ते पाणी वाफ्यात ओतायचं नाही, मातीत मीठ बसतं. गेल्या जुलैत मुलांनी पंधरा दिवसांत किती गोगलगायी पकडल्या याचा आकडा रोज फळ्यावर लिहिला होता आणि आजोबामंडळी तो पाहायला मुद्दाम खाली यायची.

पावसाळ्यात गमबूट घाला. उंदीर असतात तिथे लेप्टोचा, म्हणजे त्यांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो, पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरूच नका. आणि उतरावंच लागलं तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांकडे जा, पालिकाही हेच सांगते.

कडेला आपोआप उगवणारा टाकळा उपटून टाकू नका. पहिल्या पावसानंतरची त्याची कोवळी पानं कांदा-लसूण घालून परतली की आषाढाची चव येते. फक्त रानभाजी ओळखणारं माणूस सोबत हवं. आमच्याकडे हा मान तळमजल्यावरच्या आजींचा.

ऋषिपंचमीची भाजी

बागेच्या वर्षातला माझा सर्वांत आवडता दिवस गणपतीचा दुसरा. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, हाताने पिकवलेलंच लागतं. बाजारात कोण याची खात्री देणार? आपला वाफा मात्र खुरप्यानेच खणलेला असतो. म्हणून आमच्या सोसायटीत त्या दिवशीची भाजी बागेतून होते आणि त्यासाठी मृगापासून आखणी लागते.

अळू आणि सुरण मेमध्येच लावा, सुरणाला सात-आठ महिने लागतात म्हणून ते आदल्या वर्षीचं वापरायचं. चवळी, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा मृगात. मका जूनच्या अखेरीला, म्हणजे कणसं कोवळी मिळतात. लाल माठ २५ ते ३० दिवसांत येतो, तो श्रावणाच्या सुरुवातीला थोडा आडोसा करून टाका. जूनमध्ये फळ्यावर यादी लावायची आणि प्रत्येक घराने एक भाजी पत्करायची.

अडचण अशी की त्याच आठवड्यात अर्धी सोसायटी कोकणात गेलेली असते. म्हणून गावची यादी पंधरा दिवस आधी लिहून घ्यायची. ज्यांचं पडवळ तयार आहे पण ते स्वतः कणकवलीला आहेत, त्यांचं पडवळ शेजाऱ्यांनी काढायचं, आणि ते परतल्यावर त्यांना त्याबद्दल काहीतरी मिळालंच पाहिजे. बहुधा पहिली मेथी मिळते. त्या दिवशी सकाळी सात वाजता क्लब हाउसच्या सतरंजीवर सगळ्या भाज्या एकत्र येतात. अळूची देठं सोलायला बसलेल्या बायका हाताला खाज येऊ नये म्हणून चिंचेचा कोळ लावतात. कोणाच्या वाफ्यातलं काय, हे त्या पातेल्यात कळत नाही.

गणपतीचं निर्माल्यही याच दिवसांत येतं. फुलांतून दोरा, प्लॅस्टिक, जरीच्या झालरी वेगळ्या काढायच्या. नुसत्या फुलांचा ढीग घातलात तर दोन दिवसांत वास सुटतो. एक टोपली फुलांना दोन टोपल्या सुकी पानं हवीत, आणि भाद्रपदात मुंबईत सुकी पानं कुठेच मिळत नाहीत. ती आदल्या फेब्रुवारीतच साठवलेली लागतात. आपल्याला पेलेल एवढंच निर्माल्य घ्या, बाकीचं पालिकेच्या निर्माल्य कलशात जाऊ द्या.

दसरा ते भोगी

पाऊस ओसरल्यावर माती पाण्याने धुपलेली, कसहीन झालेली असते. प्रत्येक वाफ्यात दोन घमेली खत मिसळा आणि ऑक्टोबरचं ऊन आठवडाभर लागू द्या. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं सप्टेंबरात आडोशाला करवंट्यांमध्ये तयार करायची. कोजागिरीला दूध आटत असताना आमच्याकडे रोपांची अदलाबदल होते. ज्यांच्याकडे वांग्याची वीस रोपं आहेत त्यांना तीनच लागतात, बाकीची मांडवात ठेवून द्यायची.

कोथिंबिरीचं बी उगवत नाही म्हणणाऱ्यांनी धणे चपलेखाली हलके रगडून दोन दलं करावीत आणि रात्रभर भिजवावेत. आठ-दहा दिवस लागतात, तोवर वाफा सुकू देऊ नका. मेथी एकदम सगळी पेरू नका. दर आठ दिवसांनी वीतभर पट्टा पेरलात तर फेब्रुवारीपर्यंत पुरते. पालक उपटू नका, दोन बोटं ठेवून कापा, तीनदा येतो. मुळ्याला ४० ते ४५ दिवस. आणि ज्यांना वाफा मिळालेला नाही त्यांनी पसरट ट्रेमध्ये ओल्या वाळूत समुद्रमेथी करावी. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या वाळूत पिकवली जाणारी ती इवली मेथी खिडकीतही होते.

वालावर आणि चवळीवर मावा, ही रस शोषणारी बारीक कीड, याच दिवसांत पडतो. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, गाळून चिमूटभर साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारायचं. एका वाफ्यावर मावा दिसला की लगेच फळ्यावर यायला हवा. लाजेने लपवणारी माणसं असतात. त्यांना धीर द्या, मावा कोणाच्याही वाफ्यावर पडतो.

भोगीला वांगी, वालाच्या शेंगा, गाजर, मटार, हरभऱ्याचे सोलाणे लागतात. मटार आणि हरभरा आमच्याकडे धड होत नाही, मुंबईची थंडी त्यांना पुरत नाही, तो भायखळ्याच्या संत सावता माळी मंडईतून येतो. वांगी आणि वाल आपले. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला राणीबागेत पालिकेचं वार्षिक उद्यान प्रदर्शन भरतं. बागेतल्या सगळ्यांनी मिळून एकदा तरी जावं. कुंडीतल्या भाज्या बघताना लोक वही काढून लिहून घेतात आणि परतताना ट्रेनमध्येच पुढच्या वर्षाचं ठरतं.

पानगळ आणि उन्हाळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्जन्यवृक्ष, जंगली बदाम, पिंपळ पानं टाकतात. हे आमचं सोनं. झाडणाऱ्या मावशींशी बोलून पानं कचऱ्यात न जाता गोण्यांत भरायची. आम्ही ४० गोण्या भरून जिन्याखाली कोरड्यात ठेवतो. वर्षभर ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थराला त्यातलाच थर लागतो. खतखड्याला वास आला की समजा पानं कमी पडली. उलथा, पानं घाला, दोन दिवसांत वास जातो. असं सांभाळलं तर दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं.

उन्हाळ्यात अर्धे वाफे रिकामे ठेवा. त्यांना पानांची गोधडी पांघरा. उरलेल्यांत भेंडी, चवळी, माठ, अंबाडी, आणि वर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी. एका वाफ्याला दिवसाला आठ ते दहा लिटर पाणी लागतं, सकाळी सातच्या आत. तलावांची पातळी उतरली की पालिका पाणीकपात लावते, तेव्हा बागेने नळाला हात लावायचा नाही, हा नियम कडक ठेवा. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी आणि एसीच्या नळीतून टपकणारं पाणी बादलीत धरा, दोन्ही चालतात. आरओचं टाकाऊ पाणी खारट असतं, ते रोज देऊ नका.

मे महिन्यात फळ्याची पाचवी ओळ सर्वांत लांब होते. या आठवड्याचा फळा असा आहे: “भेंडीचं बी काढून ठेवणे. शनिवारी सात वाजता चर उपसणे, खोरी तीन आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणावीत. पाणी दहा टक्के कमी. ब-१२ कडे कढीपत्ता भरपूर, घेऊन जा. गावी: वाफा २, ७, १५, १६. पाणी मामा घालतील, मामा १ जूनपासून गावी, तेव्हा त्यांचा वाफा ९ने बघायचा.”